किल्ली हिरव्या वहीत आहे

"पेन काढ," टिपण म्हणाली.

"नाहीये माझ्याकडे."

"बोका, खिसे दाखव."

बोक्यानं खिसे उलटे केले. तीन बिस्किटं, दोऱ्याचा गुंता, अर्धं झिजलेलं खोडरबर आणि सगळ्यात शेवटी, अगदी नाइलाजानं, एक निळं पेन बाहेर आलं. टिपणनं ते दाराशी टांगलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकलं. टण्ण आवाज झाला, तेव्हा कुठे तिनं दार ढकललं.

संग्रहालयाच्या तळघरात शाई न्यायची नाही, फक्त पेन्सिल न्यायची, हा आत्याचा नियम होता. का, ते तिनं सुट्टीच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण तेव्हा बोका खात होता, आणि खाताना त्याला ऐकू येत नाही.

टिपण त्याची मोठी बहीण. वय तेरा. दिसेल ते वहीत टिपून ठेवते म्हणून टिपण. शिट्टी त्यांच्या शेजारची, टिपणच्याच वर्गातली. तिच्या पुढच्या दोन दातांत चांगली ऐसपैस फट होती आणि त्या फटीचा ती पुरेपूर उपयोग करायची. तिघं सुट्टीत रोज आत्याबरोबर तळघरात येऊन बरण्या पुसत. बरण्यांत स्पिरिट, आणि स्पिरिटमध्ये खेकडे, मासे, गोगलगायी. चौथ्या फळीवर बेचाळीस बरण्या नुसत्या चिखल-कोळंबीच्या, एकेका बरणीत एकेक.

ही कोळंबी बोटाएवढी असते आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात खोल बीळ करून राहते. त्या चिखलात गुडघाभर रुतून आत्यानं सहा वर्षं काढली होती. एक्केचाळीस कोळंब्या मिळाल्या त्या नेहमीच्या, पुस्तकात असलेल्या जातींच्या. बेचाळिसावी मात्र वेगळी होती. ही जात आजवर कुणी नोंदवलेलीच नाही, असं आत्याचं म्हणणं होतं.

नव्या जातीला नाव द्यायचं म्हणजे एक मूळ नमुना जपून ठेवावा लागतो. पुढे कुणाला शंका आली, की त्या नमुन्याशी ताडून बघायचं. आत्याचा मूळ नमुना म्हणजे लाल फीत बांधलेली बरणी. तसा दुसरा मिळण्याची आशा नव्हती, कारण गेल्या वर्षी त्या चिखलावर दगडमाती लोटून तिथे बोटींचा नवा धक्का बांधला होता.

आणि आज तीन वाजता परीक्षकबाई येणार होत्या. आत्याचा लेख छापायचा की नाही, ते त्यांच्या हातात होतं. 'ही नेहमीचीच कोळंबी असावी, नमुना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही,' असं त्यांनी कळवलं होतं. साडेपाचच्या गाडीनं त्या परत जायच्या होत्या. त्यांना आणायला आत्या स्टेशनवर गेली होती. निघताना तिनं चष्मा शोधशोध शोधला. तो डोक्यावरच होता. इतकी ती घाबरली होती.

"चौथ्या फळीला हात लावू नका. नमुना मीच येऊन काढते," असं तीन वेळा बजावून ती गेली.

तिघांनी हात लावलाच नाही. नुसतं पाहिलं.

"ए," शिट्टी हळूच म्हणाली, "या कोळंब्या निळ्या का दिसतायत?"

खरंच, चौथ्या फळीवरच्या सगळ्या बरण्यांतलं स्पिरिट फिकट निळं झालं होतं. बरण्याही नव्या होत्या, एका मापाच्या, एकसारख्या पांढऱ्या झाकणांच्या. टिपण वाकून एकेक बरणी न्याहाळू लागली. प्रत्येकीत कोळंबीशेजारी एक कोरी चिठ्ठी तरंगत होती. कोरी म्हणजे अगदीच कोरी नव्हे. तिच्यावर निळे ओघळ होते.

"लाल फीत कुठाय?" बोक्यानं विचारलं.

लाल फीत कुठेच नव्हती.

"कसं वाटतंय?" मागून आवाज आला. "माझा अख्खा रविवार गेला यात."

दारात टापटीपराव उभे होते. हे नाव मुलांनी ठेवलेलं; एरवी ते संग्रहालयाचे नवे भांडारप्रमुख. सदऱ्याला एक सुरकुती नाही, आणि खिशाला सोनेरी टोपणाचं शाईपेन. माणूस मनानं वाईट नव्हता. फक्त जगातली प्रत्येक गोष्ट सरळ रेषेत दिसली नाही तर त्यांना अन्न गोड लागत नसे.

"पाहुण्या यायच्या, आणि आपल्या चिठ्ठ्या पिवळ्या पडलेल्या," ते म्हणाले. "बरण्या कुठल्या लहान, कुठल्या मोठ्या. काढून टाकल्या सगळ्या. नव्या बरण्यांत नव्या चिठ्ठ्या घातल्या, स्वतःच्या हातानं लिहून."

"कशानं लिहिल्यात काका?" टिपणनं विचारलं. तिला उत्तर माहीत होतं आणि ते ऐकायचं नव्हतं.

"माझ्या पेनानं. अक्षर बघ म्हणजे कळेल."

"पण दारातला डबा..."

"तो डबा मुलांसाठी आहे."

"काका, शाई स्पिरिटमध्ये विरघळते," टिपण म्हणाली. "पेन्सिल विरघळत नाही. म्हणून आत्या पेन आत आणू देत नाही."

टापटीपराव फळीपाशी गेले. एक बरणी उजेडाकडे धरली, मग दुसरी, मग तिसरी. त्यांच्या कपाळाला घाम फुटला.

"मूळ नमुना कुठल्या बरणीत घातलात?" शिट्टीनं विचारलं. "फीत बांधलेला?"

"फीत काढली मी. बेचाळिसांत एकीलाच फीत, ते काही बरं दिसत नव्हतं." मग त्यांनी घसा साफ केला. "एवढं घाबरायला काय झालं? सगळ्या कोळंब्याच आहेत ना. ही बघा, कशी ठसठशीत आहे." त्यांनी सगळ्यात मोठ्या कोळंबीची बरणी काढून टेबलावर ठेवली आणि खणातून लाल फीत काढून तिच्या गळ्यात बांधली. "झालं काम."

"पण ती नाहीये ती!" बोका ओरडला.

"बाईंना काय कळतंय? उद्या सवडीनं शोधू खरी. आत्यालाही काही बोलू नका, उगाच हबकून जाईल. आणि आता बाहेर व्हा बघू तिघं."

तळघराबाहेरच्या व्हरांड्यात टिपण येरझारा घालू लागली. बाईंच्या पुढ्यात नेहमीची कोळंबी गेली तर बाई काय म्हणणार? म्हटलं नव्हतं मी, ही नेहमीचीच आहे. खेळ खलास. सहा वर्षांचा चिखल फुकट जाईल, आणि वर लोक म्हणतील, आत्या खोटं बोलली.

"आत्याला फोन कर," शिट्टी म्हणाली.

व्हरांड्यातल्या भिंतीवरच्या फोनवरून टिपणनं आत्याचा नंबर फिरवला. पलीकडे गाड्यांचा नुसता खडखडाट होता.

"आत्या, चिठ्ठ्या पुसल्या गेल्या! मूळ नमुना कसा ओळखायचा?"

"काय पुसलं? ...ओळखायला किल्ली आहे... हिरव्या वहीत... किल्ली लाव, म्हणजे..."

फोन तुटला. पुन्हा लावला तर लागेचना.

"किल्ली लाव म्हणाली," टिपण म्हणाली. "हिरव्या वहीत आहे म्हणे. म्हणजे खरा नमुना कुठल्या तरी कपाटात असणार."

"हिरवी वही तिच्या टेबलावर आहे. आणि टेबलापाशी टापटीपराव," बोका म्हणाला.

शिट्टी जिना चढून वर गेली आणि पाच मिनिटांनी दम खात परत आली. मग तळघराच्या दारातून आत डोकावून ती म्हणाली, "काका, वरच्या दालनातल्या तसबिरी बघितल्यात का? सगळ्या वाकड्या आहेत. बाई तिथूनच येणार ना?"

"सगळ्या?" आतून घाबरा आवाज आला.

"एक पण सरळ नाही."

टापटीपराव मोजपट्टी घेऊन दोन-दोन पायऱ्या चढत वर धावले.

"किती तसबिरी आहेत गं?" बोक्यानं विचारलं.

"चोवीस. माझे हात दुखायला लागले."

हिरवी वही टेबलावर होतीच. टिपणनं ती उलटी धरून झटकली. किल्ली पडली नाही. पुठ्ठ्याच्या आत चाचपलं, तिथेही काही नाही. कोपऱ्यात एक कुलूपबंद कपाट होतं. खणांतून सापडतील तेवढ्या किल्ल्या काढून बोका आणि शिट्टीनं एकेक लावून पाहिली. अकरावी लागली. कपाटात झाडू, फडकी आणि फिनेल होतं.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजायला दहा मिनिटं होती.

बोका खुर्चीत बसला आणि त्यानं वही उघडली. "ही बघ किल्ली," तो वैतागून म्हणाला. "इथे नुसतं लिहिलंय. किल्ली. आणि खाली कसले तरी प्रश्न."

टिपणनं त्याच्या हातून वही जवळजवळ हिसकावलीच. पानावर मोठ्या अक्षरांत 'किल्ली' असं लिहून खाली रेघ मारली होती. रेघेखाली होते प्रश्न, एकाखाली एक.

*१. कपाळाचं टोक डोळ्यांच्या पुढे जातं? हो – २ कडे. नाही – दुसरी जात.*

*२. डोळ्यामागे, बाजूला, एक काटा आहे? हो – ३ कडे. नाही – नेहमीची जात.*

"कुलुपाची किल्ली नाहीच ही," ती म्हणाली. "ओळखायची किल्ली आहे. एकेक प्रश्न विचारत जायचं आणि नको त्या गाळत जायचं."

"आणि आपण अर्धा तास झाडू शोधत होतो," शिट्टी म्हणाली.

त्यांनी कामं वाटून घेतली. शिट्टी झाकणं उघडायची, टिपण लांब चिमट्यानं कोळंबी अलगद बशीत घेऊन भिंगाखाली धरायची, आणि बोका पेन्सिलीनं नोंद करायचा. फीत बांधलेली बरणी त्यांनी सर्वांत आधी घेतली. तिच्या कोळंबीच्या डोळ्यामागे काटा नव्हता. नेहमीची निघाली.

"टापटीपराव," बोका पुटपुटत लिहू लागला, "नापास."

"कोळंबीचं नाव लिही, त्यांचं नको."

पहिल्या प्रश्नात नऊ गळल्या. दुसऱ्यात तीस. स्पिरिटच्या वासानं डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मधूनच वरच्या दालनातून तसबीर भिंतीला घासल्याचा आवाज येई आणि तिघांचे हात जागच्या जागी थांबत. अडीच वाजले तेव्हा तीन कोळंब्या उरल्या होत्या.

"थांबा, जुन्या चिठ्ठ्या," टिपणला एकदम आठवलं. "त्या कुठे टाकल्या असतील?"

टेबलाखालच्या केराच्या टोपलीत त्या सगळ्या होत्या, सुकून आकसलेल्या, पण पेन्सिलीचं अक्षर न् अक्षर जिथल्या तिथे. तळाशी हवी ती मिळाली. *मूळ नमुना. नर. लांबी एक्केचाळीस मिलिमीटर. उजवी नांगी शाबूत, डावी नाही.*

"सुटलो!" शिट्टी म्हणाली. "एकच नांगी असलेली बघायची."

तिन्ही कोळंब्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकीला दोन्ही नांग्या होत्या. दुसरीलाही दोन्ही. तिसरीला एकही नव्हती.

टिपणनं तिसरा प्रश्न वाचला: शेपटीची मधली पाकळी मागे रुंद होत जाते? दोन्ही नांग्या असलेल्यांची नव्हती होत. बिननांगीवालीची होत होती. टिपणनं ती पट्टीवर मोजली. एक्केचाळीस मिलिमीटर.

"हीच ती," बोका म्हणाला. "लिहून टाकतो."

"चौथा प्रश्न राहिलाय." टिपणनं वाचलं, "नांगीचं खालचं बोट वरच्या बोटाच्या निम्मं आहे? हो – नवी जात. नाही – नेहमीचीच, शेपटी वेगळी असलेली." ती थांबली. "आणि नांगीच नाही."

"हो लिहूया ना. कुणाला कळणार?"

"हेच टापटीपराव म्हणाले होते," शिट्टी म्हणाली.

बोका लाल झाला. त्यानं पेन्सिल उचलली आणि चौथ्या प्रश्नापुढे लिहिलं: *दिसत नाही.* मग तो उठला. "माझ्या हाताला घाण वास येतोय. हात धुऊन येतो," असं म्हणून तो मागच्या मोरीकडे गेला. बिस्किट खायच्या आधी हात धुवायची शिस्त त्याला नेमकी त्याच दिवशी आठवली. ही गोष्ट पुढे त्यानं स्वतःच सगळ्यांना शंभरदा सांगितली.

जिन्यावर पावलं वाजली.

आधी टापटीपराव आले, मग आत्या, आणि तिच्यामागून एक बुटक्या, पांढऱ्या केसांच्या बाई. दारातच थांबून त्यांनी पर्समधलं पेन काढलं आणि कुणी न सांगता डब्यात टाकलं. टण्ण.

"चिठ्ठ्या पुसल्या म्हणजे काय गं?" आत्यानं टिपणला दबक्या आवाजात विचारलं. तेवढ्यात टापटीपरावांनी लाल फितीची बरणी पुढे केली.

"हा आपला मूळ नमुना," ते म्हणाले.

समोर मोठी माणसं, त्यातल्या एक पाहुण्या, आणि मध्ये बोलायचं ते काकांच्या विरुद्ध. पण आत्या त्या बरणीकडे हात नेत होती.

"हा नाही," टिपण म्हणाली. "काकांनी अंदाजानं फीत बांधली. खरा नमुना हा."

टापटीपरावांनी मान खाली घातली.

"तू कशावरून म्हणतेस?" परीक्षकबाईंनी विचारलं. आवाज शांत होता, पण नजर बोचरी होती.

टिपणनं वही आणि नोंदींचा कागद पुढे केला. काय झालं, कसं झालं, सगळं भराभर सांगितलं. बाईंनी कोळंबी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. बराच वेळ त्या नुसत्या पाहत होत्या.

"पहिले तीन बरोबर आहेत," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि चौथा? 'दिसत नाही'?"

"नांग्या नाहीत ना. मग काय लिहिणार?"

"उजवी होती," आत्या म्हणाली. "मी स्वतः तिचं चित्र काढलंय."

"चित्र मी पाहिलंय. चित्रावर सही होत नाही," बाई म्हणाल्या. त्यांचाही सूर आता मऊ झाला होता. "सगळा वाद त्या नांगीचाच आहे. नांगीशिवाय मला हो म्हणता येणार नाही. मला वाईट वाटतंय."

आत्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. टिपणला रडू फुटायच्या बेतात होतं. चौथ्यापुढे 'हो' लिहिलं असतं तरी काही उपयोग झाला नसता, हे तिला कळत होतं, पण त्यानं बरं वाटत नव्हतं.

"काका," मोरीकडून बोक्याचा आवाज आला, "कोळंब्या बदलताना जुनं स्पिरिट तुम्ही कशातून गाळलंत?"

"चहाच्या गाळणीतून," टापटीपराव क्षीण आवाजात म्हणाले. "का?"

बोका दोन्ही हातांत गाळणी धरून आला. एरवी धांदरट म्हणून प्रसिद्ध असलेला बोका पावलापावलानं चालत होता. गाळणीत तुटलेल्या दोन मिशा होत्या, एक पाय होता, आणि तांदळाच्या दाण्याहून जरा मोठं, पिवळसर असं काहीतरी.

आत्यानं चिमटा घेतला, पण तिला तो धरवेना. तो बाईंनी घेतला. त्यांनी ती नांगी कोळंबीच्या उजव्या सांध्याशी नेली. टोकाशी टोक जुळलं, खाचेत खाच बसली. मग हिरव्या वहीतलं चित्र त्यांनी शेजारी ठेवलं. चित्रात वरच्या बोटावरच्या तीन काट्यांपैकी मधल्याचं टोक तुटलेलं होतं. भिंगाखालीही मधल्याचंच टोक तुटलेलं होतं.

"खालचं बोट," बाई सावकाश म्हणाल्या, "वरच्याच्या बरोबर निम्मं." त्यांनी डोळा वर केला आणि आत्याकडे पाहिलं. "चूक माझी होती. ही नवीच जात आहे. सही कुठे करू?"

आत्या खाली बसली आणि मुलांसारखी रडायला लागली. शिट्टीनं फटीतून अशी शिट्टी मारली की फळीवरच्या बरण्या किणकिणल्या.

"या तिघांनी पहिले तीन प्रश्न सोडवले, ते शाबासकीचं काम," परीक्षकबाई म्हणाल्या. "पण चौथ्यापुढे 'दिसत नाही' लिहिलं, म्हणून मी बाकीच्यांवर विश्वास ठेवला. माझ्या हाताखालच्या मोठ्या माणसांनाही एवढं जमत नाही."

बोक्यानं कधी नव्हे ती मान खाली घातली.

टापटीपराव पुढे आले. "नांगी माझ्याच हातून तुटली असणार," ते म्हणाले. "आणि तुटली हे मला कळलंसुद्धा नाही. वर मी ते झाकायला निघालो होतो." त्यांनी आत्यापुढे हात जोडले. मग खिशाचं सोनेरी टोपणाचं पेन काढून ते दाराशी गेले.

टण्ण.

आत्यानं डोळे पुसले, नवी चिठ्ठी घेतली आणि पेन्सिलीनं लिहायला बसली. जुनी चिठ्ठी बरणीत जाणारच होती. तिच्यासोबत ही दुसरी. *चिठ्ठी हरवल्यावर ओळख पटवणारे: टिपण, शिट्टी, बोका.*

"ही चिठ्ठी किती दिवस टिकेल?" बोक्यानं विचारलं.

"शंभर वर्षं. नीट ठेवली तर दोनशे."

"दोनशे वर्षांनी कुणीतरी 'बोका' असं वाचणार?" तो हादरला. "खरं नाव लिही ना."

"पेन्सिलच आहे," टिपण म्हणाली. "खोड की. खोडरबर तुझ्या खिशात आहे."

बोक्यानं खोडरबर काढलं. चिठ्ठीवर टेकवलं. जरा वेळ विचार केला आणि परत खिशात टाकलं.

"राहू दे," तो म्हणाला. "खऱ्या नावानं मला ओळखणार कोण?"